दुरुस्तीबद्दल आभार

१

या कथेचे जे पाठ आजवर ऐकण्यात आले, त्यांत एक गोष्ट कायम राहते. कोणी एक परका येतो आणि चुकीचे बोलतो. नावाड्याच्या पाठात तो होडीत बसून म्हणतो, "तुझ्या दाराला दोन पायऱ्या, नाही का?" नावाडी वल्हे न थांबवता सांगतो, "दोन कुठल्या? तीन." कुंभाराच्या पाठात परका भट्टीच्या तोंडाची दिशा चुकवतो आणि कुंभाराची आई आतून ओरडून त्याला सुधारते. तिसरा एक पाठ बराच मोडका आहे. त्यात परका नाहीच. घरी एक पत्र येते, पत्ता चुकलेला असतो आणि कोणीतरी तो दुरुस्त करून पत्र परत धाडते. आभार मात्र प्रत्येक पाठात मानले जातात. पणाला लागते तेही सगळीकडे एकच: घरातले माणूस. फरक पडतो तो इतकाच, की शेवटची दुरुस्ती कोणाच्या तोंडून होते.

परका कोण, तो नेतो काय आणि कुठे, हे कोणताही पाठ सांगत नाही. सांगणाऱ्याला विचारले तर तो चिडतो. "मला काय ठाऊक? मी काय त्याच्या घरी जेवायला जातो?" असे एकाचे उत्तर आहे, आणि ते पुरेसे मानावे लागते.

पुढचा पाठ अलीकडचा. यात होडी नाही, भट्टी नाही. नाणी आहेत.

२

छापखान्यात त्याला सगळे कानामात्रा म्हणत. छत्तीस वर्षे त्याने मुद्रिते तपासली. दुसऱ्याने जुळवलेला मजकूर वाचायचा, त्यातली चूक हुडकायची आणि समासात खूण करायची, हा त्याचा धंदा. निवृत्त झाल्यावर माणसे झाडे लावतात किंवा शेजाऱ्यांशी भांडतात. कानामात्राने नाणी धरली. खरे सांगायचे तर ओढा नाण्यांचा नव्हता, नाण्यांच्या वर्णनांचा होता.

सकाळी साडेनऊला, चहाची दुसरी फेरी झाली, की तो खिडकीजवळच्या मेजाशी बसे. उजव्या हाताला भिंग, डाव्या हाताला नऊ खणांची लाकडी पेटी, समोर टॅबलेट. जुनी नाणी विकायच्या एका संकेतस्थळावर विक्रेते फोटो टाकत, खाली चार ओळींचे वर्णन लिहीत आणि त्या चार ओळींत निदान पाच चुका करत. कानामात्रा प्रत्येकाला लिही. ही पत्रे वस्तूच्या खाली, सर्वांना दिसतील अशी उमटत. त्यामुळे त्याचा हुरूप वाढलाच होता. "महोदय, आपण हे नाणे दुर्मिळ म्हटले आहे. ते दुर्मीळ नाही, आणि तो शब्दही तसा लिहीत नाहीत." "महोदया, आपण ज्याला छाप्याची बाजू म्हणता ती काट्याची आहे." उत्तरे येत, तीही वाचण्यासारखी. "काका, घ्यायचं तर घ्या, शाळा घेऊ नका." "तुम्हाला घरी कोणी काम सांगत नाही का?" एकाने नुसता अंगठा पाठवला होता.

पलीकडच्या खोलीतून शिवणयंत्राची खडखड येई. बायकोही एका अर्थी दुरुस्तीच्याच धंद्यात होती. लोकांचे सैल कपडे बेताचे करणे, तोकडे झालेले उसवून सोडणे. गिऱ्हाइकांची मापे ती याच टॅबलेटवर टिपून ठेवी. म्हणजे साडेनऊ ते बारा तो नवऱ्याचा, आणि बारानंतर तिचा.

"अहो, आज किती जणांची अब्रू काढलीत?" ती यंत्र न थांबवता विचारी.

"चौघांची."

"चारच? अंगात कसर आहे का?"

ती हसली की हनुवटीवरचा व्रण पांढरा पडे. धंद्याच्या पहिल्या वर्षी उजव्या हातातली कात्री सटकून लागली होती. अडतीस वर्षांच्या संसारात कानामात्राला हे हसू समोर न बघताही, आवाजावरून, ओळखता येऊ लागले होते.

पेटीतल्या पहिल्या खणातले नाणे खरे तर तिचे. निकेलचे, अंगठ्याच्या पेराएवढे. छाप्याच्या बाजूला उजवीकडे पाहणारी बाई, काट्याच्या बाजूला तराजू. अकरा वर्षे ते शिवणयंत्राच्या डुगडुगत्या पायाखाली पाचर म्हणून होते. खोली झाडताना कानामात्राने ते उचलले, पुसले आणि हरखून गेला. यंत्राच्या पायाने बाईच्या कानावर अर्धचंद्राची खाच पाडली होती, तेवढीच उणीव. पायाखाली आता पुठ्ठ्याची घडी असे.

"माझ्या यंत्राचा पाय होता तो," बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. "ह्यांनी त्याला पेटीत बसवलं, तेव्हापासून माझं यंत्र लंगडतंय."

३

त्या सकाळी एक नवी नोंद आली. विक्रेत्याच्या नावाच्या जागी नुसती आडवी रेघ होती.

"निकेलचे नाणे. बाईचा चेहरा डावीकडे. काठ गुळगुळीत. कानावर खाच नाही."

कानामात्राला हसू आले. नसलेल्या खाचेची नोंद कोण करतो? तसे तर नाण्याला शेपूटही नाही, तेही लिहावे. मग त्याने फोटो मोठा केला. बाई उजवीकडे पाहत होती. काठावर बारीक दाते होते. कानावर अर्धचंद्राची खाच होती.

नाण्यातल्या चेहऱ्याची डावी-उजवी पाहणाऱ्याच्या हातावरून धरतात. नवखे विक्रेते ती चेहऱ्याच्या हातावरून धरतात आणि हटकून फसतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. डावीकडचा घोळ त्यातून आला असावा. काठाचे म्हणाल तर लोक काठाकडे बघतच नाहीत. खाचेचे काय? खाचा कोणत्याही नाण्याला पडतात. एवढा विचार त्याने केला, हे नमूद करणे भाग आहे; कारण पुढे त्याने स्वतःला पुन्हापुन्हा विचारले, की पेटी उघडून आधी का पाहिले नाही. उत्तर सोपे आहे. चूक समोर असताना तो दुसरीकडे पाहूच शकत नसे.

त्याने लिहिले: "महोदय, चेहरा उजवीकडे आहे, काठाला दाते आहेत, आणि कानावर खाच आहे."

उत्तर लगेच आले. "दुरुस्तीबद्दल आभार. आणखी काही चुकले असल्यास कृपया कळवावे."

ऱ्हस्व-दीर्घ जिथल्या तिथे, पूर्णविराम जागच्या जागी. कानामात्राने ते मोठ्याने वाचून दाखवले. "बघ, अशी माणसं असतात अजून."

"मग एखादी चांगली मुलगी बघून द्या त्याला," बायको म्हणाली.

वर्णन बदलले. तीन दुरुस्त्या, तिन्ही अचूक. मग फोटोवर आडवी पट्टी आली: विकले गेले.

तेव्हा कुठे त्याने पेटीची कडी काढली.

पहिल्या खणातली बाई डावीकडे पाहत होती. त्याने नाणे फिरवले. उलटे धरले की उजवीकडची बाई डावीकडे पाहते खरी, पण मग ती डोक्यावर उभी राहते. ही पायावर उभी राहून डावीकडे पाहत होती, म्हणजे नाण्यावर जेवढे पाय असतात तेवढ्यावर. काठावरून नख फिरवले. नख कुठे अडले नाही. कान गुळगुळीत होता.

तो नाणे घेऊन पलीकडच्या खोलीत गेला.

"अगं, ह्याची खाच कुठे गेली?"

"कसली खाच?"

"कानावरची. तुझ्या यंत्राच्या पायानं पडलेली."

बायकोने चष्मा कपाळावर सरकवला, नाणे उजेडात धरले. "त्याला कधी खाच नव्हती. चांगलं गुळगुळीत होतं, म्हणून तर मेलं पायाखालून सारखं सटकायचं. आठवत नाही? दर दोन दिवसांनी वाकून बसवायला लागायचं."

"आणि ती उजवीकडे बघायची."

"कोण?"

"नाण्यातली बाई."

"तुम्ही तिच्याकडे इतकं बघता, तुम्हालाच ठाऊक." ती हसली, व्रण पांढरा पडला आणि यंत्र पुन्हा सुरू झाले.

मेजाशी परत येऊन त्याने विक्रेत्याला लिहायला घेतले. काय लिहावे हे मात्र सुचेना. अखेर "महोदय" एवढे टंकून पाठवले. विकलेल्या वस्तूविषयी संदेश पाठवता येत नाही, असे उत्तर संकेतस्थळाने दिले.

४

आठवडाभर तो स्वतःवरच लक्ष ठेवून होता. किल्ली कुठे ठेवली, भाजीत मीठ किती, कालची तारीख काय. सगळे बरोबर येत होते. परीक्षेत सगळी उत्तरे बरोबर आली तर विद्यार्थ्याला जसा संशय येतो, तसा त्याला आला.

मग दुसरी नोंद आली. नावाच्या जागी रेघ. फोटोत एक लाकडी पेटी होती, मेजावर ठेवलेली. फोटोच्या कोपऱ्यात चहाचा कप अर्धा दिसत होता आणि त्यातून वाफ निघत होती.

"नाणी ठेवण्याची पेटी. सात खण. कडी पितळेची."

अशा पेट्या हजारोंनी बनतात. अशा कपांचेही तसेच. एवढ्यावर त्याने थांबायला हवे होते. पण "सात" हा आकडा डोळ्यांत गेलेल्या कुसळासारखा टोचत होता. फोटोत नऊ खण ढळढळीत दिसत होते. बोटांनी मनाला विचारले नाही. "नऊ खण. कडी लोखंडी."

"दुरुस्तीबद्दल आभार."

विकले गेले.

डाव्या हाताशी काहीतरी किणकिणले. त्याने मान वळवायला बराच वेळ घेतला. पेटीची कडी पिवळी होती. आत सात खण होते आणि सात नाणी. उरलेली दोन नाणी पेटीशेजारी एका बशीत पडलेली होती. ती बशी त्याने तिथे ठेवलेली नव्हती.

"अहो, सातच तर होते," बायको दारात उभी राहून म्हणाली. हातात कुणाची तरी अर्धी उसवलेली बाही. "दोन नाणी तुम्ही बशीतच ठेवता नेहमी. मी दहादा म्हटलं, मोठी पेटी घ्या." मग आवाज उतरवून, "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

त्याचे पत्र मात्र त्या वस्तूखाली सर्वांना दिसेल असे उभे होते: नऊ खण, कडी लोखंडी. स्वतःच्या हातचे, आजच्या तारखेचे. जगात नऊ खणांचा एवढाच पुरावा उरला होता.

त्याने जुळारीला फोन लावला. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा तो जुळारी. तीस वर्षे एकाने चुका करायच्या आणि दुसऱ्याने काढायच्या, अशी त्यांची मैत्री.

"काना, लेका, वय झालं तुझं," सगळे ऐकून जुळारी म्हणाला.

"माझी चूक होत नाही."

"हो, हे आम्ही तीस वर्षं ऐकतोय."

"थट्टा नको. मला एक सांग. मी खूण केली, तू चुकीचा खिळा उपटलास, बरोबर बसवलास. त्या उपटलेल्याचं काय करायचास?"

"काय म्हणजे? परत खणात टाकायचो. फेकतोय कोण? शिसं काय झाडाला लागतं?"

"आणि घाईत भलत्याच खणात पडला तर?"

"तर कधीतरी दुसऱ्याच्याच मजकुरात निघायचा." जुळारीला हसू फुटले. "तुझ्या कुठल्याशा निबंधातला 'न' उपटला होता मी. तो 'द'च्या खणात गेला आणि आठ दिवसांनी दाताच्या डॉक्टरच्या जाहिरातीत उगवला. 'येथे नात बसवून मिळेल.' लोक चौकशीला आले, लेका! अरे, चूक मरत नसते. तू एकीकडून काढलीस, की ती दुसरीकडे जाऊन बसते. काना? ऐकतोयस ना?"

कानामात्रा बशीतल्या दोन नाण्यांकडे पाहत होता.

५

तिसऱ्या नोंदीचा फोटो त्याला आधी कळलाच नाही. वस्तू नाण्यांच्याच यादीत होती, आणि फोटोत नाणे कुठे दिसत नव्हते. एक खोली, एक शिवणयंत्र, यंत्रावर वाकलेली, पाठमोरी बाई. पाठीवरच्या कापडाची नक्षी त्याने सकाळीच पाहिली होती.

"शिवणयंत्र, चालू स्थितीत. सोबत बाई. बाई डावखुरी. हनुवटीवर व्रण नाही. घरात एकटी राहते."

पलीकडची खडखड थांबली होती. तो उठून दारापाशी गेला. बायको यंत्रावर वाकून सुईत दोरा ओवत होती, तशीच, पाठमोरी. फोटो ज्या बाजूने काढलेला होता त्या बाजूला नुसती भिंत होती. खिडकी नव्हती, कपाट नव्हते, भिंतीत साधा खिळा नव्हता. तो हळूच आत गेला आणि त्याने भिंतीवर तळवा ठेवला. भिंत भिंतीसारखी गार होती.

"काय हो, ओल आलीये का?" बायकोने न वळता विचारले.

"नाही."

"मग तिला थोपटताय कशाला?"

तो मेजाशी परतला. तीन चुका. तिन्ही ठळक. बोटे आपोआप अक्षरांवर जाऊन थांबली होती, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा, चूक दिसत असताना, हात मागे घेतला. ह्या चुका इथून उपटल्या तर कुठे जाऊन बसतील, याचा हिशेब त्याला जुळारीने नकळत करून दिला होता. घरात एकटी राहते. ते वाक्य त्याने पुढे वाचले नाही, आणि पुढे काही नव्हतेही.

दुपारपर्यंत संदेश आला: "आपल्या दुरुस्तीची वाट पाहत आहोत."

त्याने खाते बंद करायचे बटण दाबले. दुरुस्ती प्रलंबित असताना खाते बंद करता येत नाही, असे कळले.

दुसऱ्या दिवशी नोंदीत "शीवणयंत्र" असे झाले होते. तो मांडीखाली हात घेऊन बसला, आणि बारानंतर टॅबलेट बायकोकडे गेला की तिच्या शेजारीच बसून राहू लागला. तिसऱ्या दिवशी "हणुवटी". चौथ्या दिवशी "येकटी". त्या 'ये'ने त्याला जेवण गेले नाही. शक्य आहे की हे सारे डोक्याचे खेळ असतील. खाच नव्हतीच, खण सातच असतील, आणि भलत्याच कुणा बाईचा फोटो पाहून एक म्हातारा हातावर बसला असेल. असे असते तर त्याला केवढे हायसे वाटले असते! पण तसे धरून चालायचे, तर ती दुरुस्ती बेधडक करायला हरकत नव्हती. आणि ते धाडस त्याच्याने होईना.

"चार दिवस झाले, कुणाला एक वाकडा शब्द लिहिला नाहीत," बायकोने त्याच्या कपाळाला हात लावला. तिचा हात कापडाच्या खळीने खरखरीत झालेला असे. "ताप नाही. मग झालं काय? भांडलात का कुणाशी?"

"त्या टॅबलेटला आजचा दिवस हात लावू नकोस."

"आणि माझी मापं? बाराला गिऱ्हाईक येणार आहे."

"फितीनं पुन्हा घे."

"का पण? आहे काय त्यात?"

सांगायचे तर आधी खाच होती, हे पटवावे लागले असते. तो म्हणाला, "काही नाही." कथांमध्ये मनाई ज्या शब्दांत केली जाते त्यांना फार महत्त्व असते, कारण ज्या मनाईला कारण जोडलेले नसते ती टिकल्याचे उदाहरण सापडत नाही.

खाचेचा एक पुरावा मात्र घराबाहेर होता. नाणे सापडले त्याच आठवड्यात त्याने एका मुद्रिताच्या समासात, कागदाखाली नाणे ठेवून, शिसपेन्सिलीने त्याचा ठसा उठवला होता आणि तो कागद जुळारीला दिला होता. तो हाती आला की बायकोला समोर बसवून सगळे पहिल्यापासून सांगायचे, असे त्याने ठरवले. टॅबलेट सोबत न्यावा असे एकदा मनात आले. पण रस्त्यात आपलाच हात शिवशिवला तर? त्याने तो मेजावर पालथा ठेवला. "आलोच," म्हणाला.

"येताना पांढरा दोरा आणा," आतून आवाज आला. "मागच्यासारखा पिवळट नको. नीट बघून घ्या."

६

जुळारीच्या खोलीत माणसापेक्षा खिळ्यांच्या पेट्या जास्त. त्याने तासभर कागद उपसले. मधूनमधून शिव्या, मधूनमधून शिंका. बाराचे ठोके कुठेतरी पडून गेले.

"हा घे तुझा ठसा."

पिवळ्या पडलेल्या समासात बाई उजवीकडे पाहत होती. काठाच्या दात्यांची बारीक झालर गोल फिरली होती. कानावर अर्धचंद्र पांढरा राहिला होता, कारण तिथे पेन्सिलीला टेकायला काही नव्हते. कानामात्राने कागद दोन्ही हातांनी धरला.

"म्हणजे मी बरोबर होतो."

"तू कधी नसतोस? तोच तर तुझा जाच." मग त्याचा चेहरा पाहून जुळारी नरमला. "बस जरा. पाणी पी. आणि ती कुठली नोंद म्हणतोस, ती दाखव तरी."

जुळारीने आपला फोन पुढे केला. कानामात्राने यादी उघडली, रेघ शोधली.

"शिवणयंत्र, चालू स्थितीत. सोबत बाई. बाई उजव्या हाताने काम करते. हनुवटीवर व्रण आहे. घरात नवरा आहे."

शुद्धलेखन निर्दोष होते. खाली, त्याच्या खात्याच्या नावाने, अकरा मिनिटांपूर्वीचे पत्र होते:

"कोण हो तुम्ही? माझ्या खोलीचा फोटो कुठून काढलात? मी डावखुरी नाही. हनुवटीवर कात्री लागल्याची खूण आहे, ती काय तुमच्यासाठी पुसून टाकू? आणि एकटी कशी? घरात नवरा आहे माझा, चांगला धडधाकट, दोरा आणायला गेलाय, येईलच इतक्यात. आधी डोळे उघडून बघा, मग लिहा."

त्याखाली: "दुरुस्तीबद्दल आभार."

"वहिनींनी काय झाडलाय रे!" जुळारी मांडीवर थाप मारून हसला. "तुझ्यापेक्षा बऱ्या लिहितात."

फोटोवर पट्टी होती. पट्टीखाली बाई अजून पाठमोरीच होती. फक्त मान किंचित वळलेली, कुणीतरी हाक मारल्यावर वळते तेवढी, आणि हनुवटीची कड दिसू लागली होती.

कानामात्रा उठला.

"अरे, ठसा तरी ने!" जुळारीने कागद त्याच्या हातात कोंबला.

७

रस्ता रोजचाच होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने पांढरा दोरा घेतला, उजेडात धरून नीट पाहिला. का घेतला हे त्याला सांगता आले नसते. जिना चढताना यंत्राचा आवाज येऊ लागला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पहिल्या मजल्यावर पोचल्यावर त्याच्या ध्यानात आले, की आवाज फार नीट आहे. मधला तो ठेच लागल्यासारखा ठोका कुठे नाही. यंत्र लंगडत नव्हते.

त्याने खिशात किल्ली चाचपली. मग दुसऱ्या खिशात. मग घंटा वाजवली.

यंत्र थांबले. पावले आली. तीच पावले, डाव्या टाचेवर जरा जास्त भार देणारी. दार उघडले.

तिच्या डाव्या हातात कात्री होती. तिच्या मागे खिडकीजवळचे मेज दिसत होते. त्यावर घड्या घातलेल्या कापडांचे ढीग आणि चहाचा एक कप. चष्मा कपाळावर सरकवून ती त्याच्याकडे पाहत होती, अनोळखी माणसाकडे भल्या बाईने पाहावे तसे.

"कोण हवंय आपल्याला?"

"अगं, मी," तो म्हणाला.

वाक्य पुरे होईल म्हणून ती थांबली. ते पुरे होत नाही असे पाहून तिने त्याच्या हाताकडे पाहिले. एका हातात दोऱ्याचे रीळ, दुसऱ्यात जुना कागद.

"काही शिवायला टाकायचं असेल तर चारनंतर या. आत्ता हातात काम आहे माझ्या."

त्याने कागद पुढे केला. समासातल्या बाईवर बोट ठेवले. छत्तीस वर्षे जे शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर असत, तेच आले. "इथे चूक आहे."

तिने कागदाकडे पाहिले, मग त्याच्याकडे. तिला त्याची कीव आली असावी.

"पत्ता चुकला होय? असू द्या, होतं असं," ती म्हणाली आणि हसली. हनुवटीवर काहीच पांढरे पडले नाही.

मग तिने दार लावून घेतले, आणि आत यंत्र सुरू झाले.